पैसा मोकळा व्हायला किती दिवस?

(दृश्य: सकाळचे साडेदहा. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरची गर्दी. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल.)

या गर्दीतल्या खरेदीदारांनी जमिनीचा भाव विचारलेला असतो. हायवे किती लांब, पाणी आहे का, शेजारी कोण, हेही विचारलेलं असतं. एक प्रश्न मात्र बहुतेकांचा राहून जातो. उद्या घरात अडचण आली, तर हा पैसा मोकळा व्हायला किती दिवस लागतील? आणि मोकळा होताना त्यातला किती झडेल?

परताव्याचा आकडा सगळेच सांगतात, म्हणून आपण तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवू. बँकेतली ठेव, पीपीएफ, सोनं, इंडेक्स फंड आणि जमीन, प्रत्येकाच्या दिवसांचा हिशेब आधी.

(दृश्य: चाकण औद्योगिक वसाहत. पाळी सुटल्याचा भोंगा, बसकडे जाणारे कामगार.)

समजा, इथल्या एका कारखान्यात पहिली कायम नोकरी लागली आहे. हातात पगार ३५ हजार, घरखर्च २२ हजार. पहिलं काम सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढणं, म्हणजे १ लाख ३२ हजार. याला वर्ष-सव्वा वर्ष लागेल, लागू द्या. हा पैसा बँकेतच हवा, पण त्याची एकच मोठी एफडी करू नका. २५-२५ हजारांच्या पाच करा आणि उरलेले ७ हजार बचत खात्यात ठेवा. मुदतीआधी एफडी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. पाच असतील तर गरजेपुरती एकच मोडते, बाकीच्या चालू राहतात. कुटुंबाचा आरोग्य विमाही याच टप्प्यावर घ्यायचा. तो नसेल तर एका ऑपरेशनमध्ये पाचही एफडी जातात.

इथे महाराष्ट्रात एक गल्लत सर्रास होते. बँक आणि पतसंस्था एकच समजली जाते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली. ही रक्कम मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाला, एका बँकेत. तीन शाखांत तीन खाती असली तरी ती एकत्रच मोजतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. तिथे एक-दोन टक्के व्याज जास्त मिळतं, ते या जोखमीचंच असतं. संचालक ओळखीचे आहेत, एवढ्यावर निवृत्तीची पुंजी तिथे ठेवू नये.

(दृश्य: पोस्टाची खिडकी. पासबुकावर शिक्का.)

यानंतर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं. मुदत १५ वर्षं, वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये. एप्रिल २०२० मध्ये दर ७.१ टक्क्यांवर आला. व्याज करमुक्त आहे, मात्र नव्या करप्रणालीत भरलेल्या रकमेवर करात वजावट मिळत नाही. याचा एक नियम फारसं कुणी वाचत नाही: ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. म्हणजे ७ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्यात काहीच मिळत नाही. पगार १ तारखेला होत असेल तर ४ तारखेच्या आत भरून टाका. दिवसांच्या हिशेबात पीपीएफ लांबचं आहे. सातव्या आर्थिक वर्षापासून काही भाग काढता येतो, तोही मर्यादेत.

सोन्याबद्दल थोडक्यात. दागिना हौसेसाठी घ्या, गुंतवणूक म्हणून नको. घेताना ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ जाते. मोड घालायला गेलात की घडणावळीचा एक रुपयाही परत येत नाही. पाडव्याला घ्यायचंच असेल तर वेढणी किंवा नाणं बरं. दागिन्यावर हॉलमार्कसोबत असलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, म्हणजे त्या दागिन्याची स्वतंत्र ओळख, बिलाशी ताडून पाहा.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. फंडाच्या यादीवर थांबलेलं बोट.)

आता इंडेक्स फंड. निफ्टी ५० म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांची यादी. वर्षातून दोनदा ती तपासली जाते. काही कंपन्या बाहेर जातात, काही आत येतात. इंडेक्स फंड एवढंच करतो: यादीत ज्या कंपनीचं जेवढं वजन, तेवढे तिचे शेअर घेऊन ठेवतो. कोणता शेअर वर जाईल हे ओळखणारा हुशार माणूस इथे पगारावर नसतो, म्हणून खर्च कमी लागतो. ५० कंपन्या म्हणजे सगळं समसमान विखुरलेलं, असं मात्र समजू नका. एक तृतीयांशाहून जास्त वजन बँका आणि वित्त कंपन्यांचं असतं.

फंड निवडताना नावाच्या शेपटाकडे लक्ष द्या. तिथे ‘डायरेक्ट’ (मध्ये वितरक नाही) आणि ‘ग्रोथ’ (नफा वाटून न देता फंडातच राहतो) हे दोन शब्द हवेत. ‘रेग्युलर’ असेल तर तुमच्याच पैशातून दरवर्षी वितरकाचं कमिशन जातं. डायरेक्टची सोय १ जानेवारी २०१३ पासून आहे. फरक किती पडतो? महिना ५ हजार, १५ वर्षं, म्हणजे भरलेले ९ लाख. वर्षाला १० टक्के वाढ धरली तर जवळपास २१ लाख होतात. एक टक्का खर्चात गेला आणि वाढ ९ टक्के राहिली, तर १९ लाख. सुमारे १ लाख ८० हजारांचा फरक नुसत्या एका शब्दाने पडतो. दहा टक्के हा हिशेबासाठी धरलेला आकडा आहे. इतकी वाढ मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

एकाच निर्देशांकाच्या, म्हणजे निफ्टी ५० सारख्या एकाच यादीच्या, दोन फंडांत आणखी एक गोष्ट पाहायची. गेल्या तीन-पाच वर्षांत निर्देशांक किती वाढला आणि फंड किती मागे राहिला. मागे राहणं जितकं कमी तितका फंड चांगला. याला डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं, खातं लागत नाही. पॅन, आधार, बँक खातं आणि एकदा केवायसी. फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट घेता येतो. वारसाचं नामांकन तेव्हाच भरा. एसआयपीची, म्हणजे दरमहा आपोआप जाणाऱ्या ठरावीक हप्त्याची, तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवा. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो, बँक दंड लावते, आणि मासिक हप्ता सलग तीनदा चुकला की एसआयपी बंद होते.

(दृश्य: निफ्टीचा आलेख. २००८ वर रेघ थांबते.)

बिघडतं ते इथे. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० अंकांच्या आसपास होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अडीच हजारांवर आला. डिसेंबर २०१३ संपताना तो पुन्हा ६,३०० च्या घरात होता. सहा वर्षं. शिखरावर एकरकमी टाकलेल्या माणसाला या काळात लाभांशाखेरीज हाती काही आलं नाही. जो दरमहा टाकत राहिला, त्याला मधला बराच काळ स्वस्तात युनिट, म्हणजे फंडाचे हिस्से, मिळाले. मार्च २०२० मध्ये तेच झालं: जानेवारीत १२,३०० च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. त्या आठवड्यात ज्यांनी एसआयपी थांबवली, त्यांनी नेमके स्वस्त हप्ते गमावले. म्हणून सात वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे बहिणीचं लग्न, घराचं आगाऊ पेमेंट, इथे नको.

मोकळं होण्याच्या बाबतीत मात्र हा फंड सरळ आहे. दुपारी ३ च्या आत विक्री टाकली, तर कामकाजाच्या दोन दिवसांत पैसे खात्यात येतात. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर, एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, वरच्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.

ज्या ॲपवर हे फंड दिसतात, त्याच ॲपवर शेजारी फ्युचर्स-ऑप्शन्सचं, म्हणजे भावाच्या चढ-उतारावर लावायच्या मुदतीच्या सौद्यांचं, बटण असतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. त्यात १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात होते. ते बटण सुरूच करू नका.

(दृश्य: डोंगराच्या पायथ्याशी चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. वाऱ्यावर हलणारा फलक.)

आणि आता जमीन. जवळपास प्रत्येक मराठी घरात हा विषय निघतो. ‘जमीन कधी पडत नाही’, ‘बारा वर्षांत दुप्पट झाली’. दुप्पट म्हणजे किती ते मोजू. प्लॉट १२ लाखांचा. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार साधारण ४ ते ७ टक्के असतं. ५ धरलं तर ६० हजार. नोंदणी फी १२ हजार. वकील, मोजणी, तारेचं कुंपण मिळून ५८ हजार. खरी किंमत झाली १३ लाख ३० हजार. बारा वर्षांनी २४ लाखांना विकली, दलालाला २ टक्के दिले, हातात आले साडेतेवीस लाख. हा दर वर्षाला ५ टक्क्यांच्याही किंचित आत येतो, आणि नफ्यावरचा कर अजून द्यायचाच आहे. पीपीएफपेक्षा कमी! जमिनीने यापेक्षा खूप जास्त दिल्याची उदाहरणं आहेत, पण ती रस्ता, वसाहत किंवा शहर तिच्याजवळ आल्याची आहेत. ते कुठे येणार हे ठरवणं आपल्या हातात नसतं.

तरीही घ्यायची असेल तर कागद नीट वाचा. सुरुवात सातबाऱ्यापासून. डिजिटल सहीचा उतारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो; विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. त्यात तीन जागा बघा. एक, भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या अटीवर धरली आहे ते. वर्ग १ असेल तर विकायला सहसा अडचण नसते; वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. दोन, ‘इतर हक्क’चा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे वारसा हक्क, कोर्टातला दावा, याची नोंद असेल तर ती इथेच असते. तीन, क्षेत्र. ते हेक्टर-आरमध्ये असतं आणि व्यवहार गुंठ्यात होतो. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, १ आर म्हणजे १,०७६. चाळीस गुंठ्यांचा एकर. दलाल बोलताना ‘एक हजार फुटांचा गुंठा’ म्हणतो, तेव्हा प्रत्येक गुंठ्यामागे ८९ फूट कुठे गेले ते विचारा.

शेतजमीन असेल तर पहिला प्रश्न तुमच्याविषयीच आहे: तुम्ही शेतकरी आहात का? कूळवहिवाट कायद्यानुसार महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वडिलार्जित सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव असेल तर प्रश्न मिटतो. विकत मिळवलेल्या खोट्या दाखल्यावर केलेला व्यवहार अवैध ठरतो आणि जमीनही हातची जाऊ शकते.

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते एक-दोन गुंठ्यांत. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. छोट्या तुकड्याची नोंदणी होत नाही म्हणून दोन पळवाटा काढल्या जातात. एक म्हणजे नोटरी: स्टॅम्प पेपर, सह्या, शिक्का, फोटो. नोटरीने मालकी येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. दुसरी, दहा-अकरा जण मिळून एकच खरेदीखत आणि सगळ्यांची नावं एका सातबाऱ्यावर. इथे तुमचा प्लॉट कागदावर नसतो, असतो तो अविभाजित हिस्सा. दाखवलेली चुन्याची रेघ कुठल्याही नकाशात नाही. कर्ज मिळत नाही, बांधकामाची परवानगी मिळत नाही, आणि विकायला निघालात की गिऱ्हाईक हेच कारण सांगून भाव पाडतं. गेल्या काही वर्षांत या कायद्यात बदल झाले आहेत, त्यामुळे दलाल सांगतो तो नियम नेमका तुमच्या गट क्रमांकाला लागू आहे का, हे तहसील कार्यालयात विचारा.

बिनशेती प्लॉट घेणार असाल तर जमीन बिनशेती झाल्याचा कागद, मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा मान्य नकाशा), झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ‘एनए (बिनशेती) होणार आहे’ या वाक्यावर पैसे देऊ नका.

वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. गंमत अशी की जमिनीच्या जगातही एक ‘इंडेक्स’ आहे. नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा म्हणजे इंडेक्स टू. मागच्या प्रत्येक विक्रीचा इंडेक्स टू आणि फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) एकमेकांशी जुळले पाहिजेत. साखळीतली एक कडी नसेल तर तिथेच थांबा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. न विचारलेली आत्या किंवा चुलतभाऊ समोर येतात ते अशाच वेळी. मग भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. आणि रस्ता: गाडी जाते म्हणजे रस्ता आहे असं नाही. तो नकाशात किंवा दस्तात असला पाहिजे. शेजाऱ्याच्या मेहेरबानीवरचा रस्ता पिढी बदलली की बंद होतो, आणि रस्ता नसलेल्या जमिनीला गिऱ्हाईक सहजी मिळत नाही.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान वेगळं: रोखीत दिलेली रक्कम खरेदीखतात येत नाही, मग विकताना तेवढा नफा जास्त दिसतो आणि त्यावर तुम्ही कर भरता.

(दृश्य: तलाठी कार्यालय. भिंतीवर लावलेली फेरफार नोटीस.)

दस्त झाला की लोक पेढे वाटतात, पण सातबाऱ्यावर अजून जुनंच नाव असतं. फेरफाराची नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सरकारच्या ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून नोटीस पाहता येते. महिन्याभराने नवा उतारा काढा आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर ताडा. आडनावातली वेलांटी, आर आणि चौरस मीटरमधला गोंधळ, सगळं आत्ताच बघा. लेखनाची चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा, सोबत इंडेक्स टू जोडा आणि पोचपावती फाईलमध्ये लावा.