दोन हात, तीन कोंगा: कांदिदो कामेरो

१९४६. कार्मेन आणि रोलांदो ही नृत्यजोडी क्युबातल्या हवानाहून न्यूयॉर्कला निघाली, ती एकच ढोलवादक घेऊन. नाचाला मात्र दोन ढोल लागतात: कोंगा या हातांनी वाजवायच्या उंच ढोलावर ठेका आणि अरुंद तोंडाच्या, चढ्या आवाजाच्या किंतोवर नाचणाऱ्यांशी सवालजवाब. दुसऱ्या वादकाचा खर्च झेपणारा नव्हता. कांदिदो कामेरो यांनी दोन्ही ढोल समोर मांडले. एक हात ठेक्याला, दुसरा किंतोला.

मूळ ठेका पाहा. चार मात्रांत आठ आघात. तळव्याची टाच, मग बोटं. पंजा कातड्यावर नुसता डुलतो. ठळक ऐकू येतात ते तीनच: दुसऱ्या मात्रेवरची चापट आणि चौथीवरचे दोन खुले टोल. बाकीचे आघात वेळ सांभाळतात. नवखा वादक त्या खुल्या टोलांपाशी घाई करतो आणि पुढची पहिली मात्रा लवकर पडते. त्यात दुसरा हात मोकळा सुटला की ठेक्याचा हातही त्याच्यामागे धावतो. कामेरोंचा धावत नसे.

कामेरोंचा जन्म १९२१ सालचा, क्युबातला. मामांनी पहिले धडे दिले ते आटवलेल्या दुधाच्या दोन रिकाम्या डब्यांवर. पुढे त्रेस हे तंतुवाद्य आणि खर्जाचं तंतुवाद्य बासही हाती आला. आमच्या मते खरी किल्ली इथेच आहे: ढोल वाजवणाऱ्या या माणसाचा कान सुरांचा होता. पुढे तीन कोंगा वेगवेगळ्या सुरांत लावून ते चक्क धून वाजवत.

सूर टिकवणं सोपं नव्हतं. खिळ्यांनी ठोकलेलं कातडं दमट हवेत उतरतं. आच दाखवली की चढतं, पण थोड्या वेळाने पुन्हा खाली. लोखंडी कडं आणि नट आले तेव्हा ही कटकट कमी झाली. तरीही एकच नट एकदम आवळायचा नाही; कडं तिरकं बसतं आणि टोल फाटका येतो. तबलजी गजरा ठोकत घर-घर जुळवतो, तसं सगळ्या नटांना थोडं थोडं फिरवत जायचं.

जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी कामेरोंना पियानोवादक बिली टेलर यांच्याकडे नेलं. १९५४ मध्ये त्या त्रिकुटासोबत कामेरोंची तबकडी आली. इथे अडचण वेगळी. जॅझमधला झांजेचा ठेका झुलता, कोंगाचा सरळ. दोघे अडून बसले तर लय खरखरते. शिवाय मोठ्या कोंगाचा खर्ज बासच्या वाटेत येतो. म्हणून पियानोचा एकल भाग चालू असताना खर्जाचे टोल मोजकेच हवेत.

त्याच वर्षी ते स्टॅन केंटन यांच्या जॅझ वाद्यवृंदातही वाजवू लागले. १९७९ मध्ये, जॅझच्या कर्मठांना रुचो न रुचो, त्यांच्या ‘जिंगो’ या ध्वनिमुद्रणाने डिस्कोतही पाय थिरकवले. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना ‘जॅझ मास्टर’ म्हणून गौरवलं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ते न्यूयॉर्कमध्ये निवर्तले, वय ९९.