वॉरंट निघालंय का?

(दृश्य : पुणे, शिवाजीनगर. जिल्हा न्यायालयाचं आवार, सकाळची गर्दी.)

निवेदन :

सकाळचे साडेदहा. काळे कोट भराभर जिने चढतायत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेतलेली माणसं बोर्डावर आपला नंबर शोधतायत. त्यांच्यात एखादा असा असतो, ज्याची आज तारीखच नाही. कुठल्या कोर्टात जायचं हेही त्याला ठाऊक नाही. तो टायपिस्टला विचारतो, चहावाल्याला विचारतो, शेवटी एखाद्या वकिलाला गाठून हळूच विचारतो, "साहेब, माझ्या नावावर वॉरंट निघालंय म्हणतात. कुठे कळेल?"

स्वतःच्या अटकेचं वॉरंट माणसाला माहीत नसावं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण तसं घडणं अगदी सोपं आहे. समजा, साताऱ्याकडचा एक तरुण. गावाकडे असताना गाडीसाठी कर्ज काढलं, चेक दिले, त्यातला एक वटला नाही. नोकरीसाठी तो चाकणला आला. इकडे चेक न वटण्याच्या गुन्ह्याचा, म्हणजे कलम 138 चा खटला उभा राहिला. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. पुढे जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. हा आपला शिफ्टला जातोय, येतोय. एक दिवस पासपोर्टसाठी अर्ज करतो आणि घोडं तिथे अडतं. कारण पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 नुसार खटला प्रलंबित असेल किंवा कोर्टाने वॉरंट काढलं असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो.

(दृश्य : पिवळट कागदावर गोल शिक्का, खाली सही.)

आणि वॉरंट जुनं झालं म्हणून मरत नाही. अटक आणि खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 72 सांगतं, की वॉरंट लेखी हवं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का हवा, आणि ते बजावलं जाईपर्यंत किंवा ज्या कोर्टाने काढलं तेच रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. आधीच्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच होतं. 'पाच वर्षं झाली, आता कोण बघतंय' हा कट्ट्यावरचा सल्ला ज्याने ऐकला, तो फसला.

मग शोधायचं कुठे? नाव टाकलं की देशभरातली वॉरंटं समोर येतील, अशी खिडकी सामान्य माणसासाठी आपल्याकडे नाही. वॉरंटचा ठावठिकाणा असतो तो खटल्याच्या रोजनाम्यात, म्हणजे कोर्टात तारखेतारखेला काय झालं त्याच्या नोंदीत. म्हणून वॉरंट नव्हे, खटला शोधायचा.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर ई-कोर्ट्सचं पान.)

न्यायालयांच्या खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर हे फुकट पाहता येतं. खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या एकाच खटल्याचा ओळख क्रमांक, हाताशी असेल तर प्रश्नच मिटला. पुण्यातल्या खटल्याचा क्रमांक 'एमएचपीयू' या अक्षरांनी सुरू होतो. तो नसेल तर जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाने शोधायचं, किंवा पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर टाकायचा. पुढची तारीख कशासाठी आहे, ते तिथे दिसतं. त्या जागी समन्स किंवा वॉरंटचा उल्लेख दिसला, की समजायचं.

नावाने शोधण्यात मात्र मोठी गोम आहे. कोल्हापुरात 'पाटील' टाकून बघा! शिवाय एकाच नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक कारकून असं करतो, दुसरा तसं. एकदा 'काही सापडलं नाही' आलं म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि नाव जुळलं म्हणून शेजाऱ्याला गुन्हेगारही ठरवू नये. वडिलांचं नाव, पत्ता, वय जुळल्याशिवाय ते फक्त एक नाव असतं.

गुन्हा नुकताच दाखल झाला असेल तर वाट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशाप्रमाणे एफआयआर साधारणपणे 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेत. आणि अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावायचं, असं नव्या संहितेचं कलम 37 सांगतं.

पोलीस ठाण्यात जाऊन थेट विचारता येतं का? येतं. समन्स-वॉरंटचं काम पाहणारा अंमलदार वही काढून सांगेलही. फक्त अजामीनपात्र वॉरंट खरंच निघालं असेल, तर विचारायला गेलेला माणूस तिथेच बसतो. म्हणून आधी वकील, मग ठाणं.

दुसऱ्याचा गुन्हेगारी इतिहास काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. पोलिसांकडची ती नोंद सगळ्यांसाठी खुली नाही, आणि माझ्या मते नसावीच. नोकरीसाठी लागणारं चारित्र्य प्रमाणपत्र रीतसर अर्ज करून पोलिसांकडूनच मिळतं. अपवाद निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांचा. त्यांना आपले खटले नमुना 26 मधल्या प्रतिज्ञापत्रात लिहावे लागतात आणि ते कुणालाही वाचता येतं. गल्लीतल्या पोरापेक्षा आमदाराचे खटले शोधणं सोपं, ही या व्यवस्थेतली मला आवडलेली गोष्ट.

आणि व्हॉट्सॲपवर लाल शिक्क्याचं 'वॉरंट' पाठवून व्हिडिओ कॉलवर अटक करणारे? ते पोलीस नव्हेत. फोन ठेवा आणि 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा.

(दृश्य : कोर्टाचा कॉरिडॉर. पुकारा ऐकू येतो.)

खरं वॉरंट निघालं असेल, तर पळण्यात अर्थ नाही. फरारी म्हणून जाहीरनामा निघाला, की पुढे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. वकीलपत्र द्यायचं, स्वतः हजर व्हायचं, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. न्यायाधीश विचारतात, इतके दिवस कुठे होता? कधी दंड होतो, कधी नवा जामीनदार मागतात.

पण रद्द झालं म्हणून काम संपलं नाही. मुंबईतल्या एका वकिलाला 2002 च्या 15 ऑगस्टला अटक झाली, तीही आधीच रद्द झालेल्या वॉरंटवर. उच्च न्यायालयाने त्या पोलीस अधिकाऱ्याला पदरचे 2,000 रुपये द्यायला लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2011 मध्ये नियम आखले गेले : अजामीनपात्र वॉरंटची नोंद कोर्टातही हवी, ठाण्यातही हवी, आणि रद्द झालं की कोर्टाने ते तातडीने कळवायचं.

कळवतील तेव्हा कळवतील. आपला साताऱ्याचा तरुण नक्कल विभागात अर्ज करतो, आदेशाची प्रमाणित प्रत घेतो, स्वतः ठाण्यात नेऊन देतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतो. ती प्रत घडी घालून पाकिटात, आधार कार्डाच्या मागे.