पोटाचा पंचनामा होऊ द्या

(नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

या, बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. खाली वडे तळतायत त्याचा वास इथपर्यंत येतोय आणि मला पोटावर बोलायचंय, असो. पथ्य सांगणार नाहीये, ते तुम्हाला घरात सगळेच सांगतात. ज्यांचं पोट वर्ष-दोन वर्षं अधूनमधून बिघडतं, आपोआप बरं होतं, परत बिघडतं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल येतात, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे.

असा पेशंट येतो तो पिशवी घेऊनच. त्यात तीन-चार सोनोग्राफ्या, प्रत्येकीत 'फॅटी लिव्हर ग्रेड वन', जे आता निम्म्या ठाण्याला असावं असं मला वाटायला लागलंय, आणि कोपरे दुमडलेल्या चिठ्ठ्या. तपासण्या कमी पडलेल्या नसतात हो, तपासणीच्या आधी आपण जे करून बसलेलो असतो तिथे घोळ असतो. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधीच घर झाडूनपुसून लख्ख करून ठेवायचं, तसं.

आता बघा, जळजळ होते म्हणून सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल चालू असतं, कधीपासून ते आठवतही नाही. मग कोणीतरी हेलिकोबॅक्टर पायलोरीची टेस्ट सांगतं. हा जठरात राहणारा जंतू, अल्सरचं एक मोठं कारण. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये हे पटवून द्यायला तो जंतू स्वतः प्यायला होता, पुढे २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. पण ती गोळी चालू असली की जंतू दबतो आणि श्वासाची किंवा शौचाची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून ही गोळी साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद लागतं, अर्थात डॉक्टरांना विचारून, कारण काहींना ती गोळी हृदयाच्या औषधांबरोबर मुद्दाम दिलेली असते.

गव्हाचं तर विचारूच नका. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, चपाती सोडली, भाकरीवर आले, बरं वाटलं, छान. मग सहा महिन्यांनी सीलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करतात, टीटीजी आयजीए म्हणतात तिला, आणि ती येते नॉर्मल. येणारच, गहू पोटात गेलाच नाही तर त्याविरुद्धच्या अँटीबॉडी उतरतात. मग परत काही आठवडे रोज चपाती खा आणि परत रक्त द्या, आणि त्या काळात जो त्रास होतो तो वेगळा. आधी टेस्ट, मग भाकरी, एवढंच करायचं होतं.

एक मुलगी यायची माझ्याकडे, ठाण्याहून वाशीला नोकरी. गाडी ऐरोलीला आली की पोटात कळ, रबाळे-घणसोलीपर्यंत घाम फुटायचा, कुठल्या स्टेशनवरचं टॉयलेट उघडं असतं हे तिला पाठ. संडासला जाऊन आलं की कळ थांबायची, रविवारी काहीच नाही, रात्री झोपेतून कधी उठावं लागलं नाही, वजन तेच. तिला मी म्हटलं की एका वहीत लिही, कळ कधी आली, आधी काय खाल्लं होतं, शी पातळ की घट्ट, पाळी कधी होती. ती वही, साधं सीबीसी, टीटीजी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, जे आतड्याला सूज आहे का ते दाखवतं, एवढ्यावर आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणता आलं. ते काही 'बाकी काही सापडलं नाही म्हणून' चिकटवलेलं नाव नव्हतं, त्याचे ठरलेले निकष आहेत, रोम फोर, २०१६ चे. तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची.

पण वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, हिमोग्लोबिन घसरतंय, संध्याकाळी ताप येतो, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं सुरू झालंय, तर वही वगैरे ठेवा बाजूला आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे. तो लहान आणि मोठं आतडं जोडलं जातं तिथे बसतो आणि कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघताना, अगदी क्रोन्ससारखा, म्हणजे आतड्याला सतत सूज येते त्या आजारासारखा, दिसतो, कधीकधी बायोप्सीनेही सुटत नाही, मग टीबीची औषधं देऊन काही आठवड्यांनी परत आत बघावं लागतं. हे आधी ओळखायला हवं, कारण क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी फोफावतो.

आणि पुढच्या रांगेतल्या काकांसाठी, डायबेटिसची मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर जुलाब लागले असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कधी नुसती गोळी बदलून काम होतं.

हां, ताई, विचारा. शंभर-दोनशे पदार्थांची ती फूड इंटॉलरन्सची रक्ततपासणी, पॅकेजमध्ये देतात ती? त्यात बहुतेक आयजीजी नावाची अँटीबॉडी मोजतात, आणि ते तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतं. नका करू. दुधाचा संशय असेल तर दोन आठवडे दूध बंद करून बघा, नाहीतर श्वासातला हायड्रोजन मोजणारी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट असते. दूध सोडलं म्हणून ती टेस्ट बिघडत नाही, गव्हासारखं नाहीये ते. ताकाचं? ताक बऱ्याच जणांना चालतं.