अकरा ते तीन

[दृश्य: पहाटेचं विरार स्टेशन. रिकामा फलाट. एक कुत्रा रुळांच्या कडेने चाललाय.]

22 मार्च 2020, रविवार. कोरोनामुळे जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला मुंबईने गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. त्याच रात्री लोकल थांबली. रोज 75 लाखांच्या आसपास माणसं पोटात घेऊन धावणारी गाडी.

गाडी थांबली तशी ऑफिसं थांबली, हे सगळ्यांना दिसलं. लेडीज डबा थांबला, याची बातमी झाली नाही.

[दृश्य: जुनं चित्रण. गच्च भरलेला लेडीज डबा. मांडीवर मटार सोलणाऱ्या बायका.]

या डब्यात काय काय चालायचं, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. भिशी लागायची, पोथी वाचली जायची, एखादीचं डोहाळजेवण अंधेरी ते दादरच्या मधे उरकायचं. आणि हळू आवाजातलं बोलणंही इथेच. छातीत गाठ लागतेय, बाई डॉक्टर कुठे भेटेल. नवरा पगार काढून घेतो, वेगळं खातं कसं उघडू. काल परत हात उचलला. ऐकणारीचं आडनाव माहीत नसायचं, पण तिला सगळं माहीत असायचं. फक्त आठ चारची गाडी चुकवायची नाही.

ती गाडीच गेली.

[दृश्य: चाळीतली खोली. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्यात गॅस. पंखा फिरतोय.]

‘घरी राहा, सुरक्षित राहा.’ ज्याने हे लिहिलं त्याचं घर किती खोल्यांचं होतं, कुणास ठाऊक. इथे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. काम सुटलेला नवरा दिवसभर समोर, मुलांची शाळा मोबाइलवर, आणि मोबाइल घरात एकच. अशात एखादीला दोन मिनिटं फोन हाताला लागला आणि तिने मदतीचा नंबर फिरवला, तर कानात आधी खोकला वाजायचा. कोरोनाची ती सरकारी सूचना संपेपर्यंत नवरा मोरीतून बाहेर आलेला असायचा.

23 मार्च ते 16 एप्रिल या पंचवीस दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या मारहाणीच्या 239 तक्रारी आल्या. त्याआधीच्या पंचवीस दिवसांत त्या 123 होत्या. हा आकडा साऱ्या देशाचा, आणि ज्यांना तक्रार पोहोचवता आली त्यांचा. मला त्यांची संख्या हवी आहे, ज्यांनी नंबर फिरवला आणि खोकला ऐकून फोन ठेवला. ती कुठे नोंदलेली नाही.

[दृश्य: धारावी. सार्वजनिक शौचालयाबाहेरची रांग. जमिनीवर चुन्याने आखलेले गोल.]

धारावीत पहिला रुग्ण 1 एप्रिलला सापडला. तिथल्या बहुतेक घरांत संडास नाही. रांगेत उभं राहायची भीती, म्हणून बायकांनी पाणी कमी प्यायला सुरुवात केली. पुरुषाला आडोसा पुरतो. बाईला रांग लागते, आणि पाळीत दोनदा-तीनदा लागते. सॅनिटरी पॅड अत्यावश्यक वस्तूंमध्ये येतात, हे केंद्र सरकारने 29 मार्चला पत्र काढून स्पष्ट केलं. टाळेबंदीचा तो पाचवा दिवस. पाळी काही पत्राची वाट बघत नाही.

[दृश्य: हॉस्पिटलची मागची बाजू. दोरीवर वाळत टाकलेले गाऊन.]

वॉर्डातल्या नर्सचं निराळंच. अंगावर पीपीई किट चढलं की सहा-सहा तास उतरवायचं नाही. पाणी नाही, संडास नाही, पाळी आली तरी तसंच. किटची मापंही पुरुषी, बाह्या दुमडून चिकटपट्टी लावायची. ड्युटी संपली की वसई, बदलापूरपर्यंत बसने. तीन तास जायला, तीन यायला. 15 जूनला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली तेव्हा त्या पहिल्यांदा बसल्या जागी झोपल्या.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. प्लेगच्या काळातली मुंबई.]

इथे थोडं मागे जाऊ. 2020 मध्ये राज्याने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो 1897 चा. मुंबईत प्लेग पेटला म्हणून केलेला. तेव्हाही रेल्वे स्टेशनांवर उतारूंना थांबवायचे, काखा-जांघा चाचपून गाठ शोधायचे. बायकांनाही. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात प्लेगचं पथक विणकरांच्या वस्तीतल्या एका मुलीला न्यायला आलं आणि दंगल पेटली. साथ आली की बाईच्या अंगावरचा हक्क कुणाचा, हा वाद या शहराला नवा नाही.

[दृश्य: ऑक्टोबर 2020. चर्चगेट. मास्क लावलेल्या बायका गाडीत चढतायत.]

ऑक्टोबर आला. सरसकट सगळ्या महिलांना लोकल खुली करा, असं राज्य सरकारने रेल्वेला कळवलं. दिवस निवडला 17 ऑक्टोबर, घटस्थापना. रेल्वेचा होकार यायला 21 तारीख उजाडली. वेळ ठरली सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि संध्याकाळी सातनंतर.

अकरा ते तीन!

पोळ्या लाटायला जाणारी बाई सहाला घर सोडते. ससून डॉकवर मासळी घ्यायला कोळीण त्याच्याही आधी पोहोचते. दुकानातल्या मुलीला दहाला हजेरी लावायची असते. अकराची गाडी धरून तीनच्या आत परतणारी नोकरी मुंबईत कुठली, मी खूप आठवून पाहिलं. माहेरी जाऊन येता येईल एवढंच. नवरात्राच्या रंगाची साडी नेसून पुष्कळ जणी त्या डब्यात बसल्या, फोटो काढले, रडल्याही. आनंद खराच होता. कामाला जायची सोय मात्र तेवढ्याने झाली नाही.

[दृश्य: पासच्या खिडकीवरची रांग. हातात कागद, मोबाइल.]

दुसरी लाट आली, सामान्यांसाठी लोकल पुन्हा बंद. 15 ऑगस्ट 2021 ला उघडली ती दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना. म्हणजे आता पासाआधी लस. आणि लस घेतलेल्यांत मुंबईत बायका मागे होत्या. नोंदणीला मोबाइल लागे, तो नवऱ्याकडे. केंद्रावर दिवस जाई, तो कुणी देईना. पाळीत लस घेऊ नये, ही अफवा घरोघर. गरोदर बायकांना तर परवानगीच जुलैत मिळाली. शेवटी 17 सप्टेंबरला महापालिकेने एक दिवस लसीकरण फक्त महिलांसाठी ठेवलं, आणि केंद्रांवर बायकांच्या रांगा लागल्या.

[दृश्य: आजचा लेडीज डबा. संध्याकाळ. खिडकीतून ऊन.]

डबा पुन्हा भरतो. मटार सोलले जातात. तिघींच्या बाकावर सरकून केलेल्या चौथ्या सीटवर आता दुसरीच कुणी बसते.

“ती नालासोपाऱ्याची दिसत नाही गं हल्ली?”

“तिने घराजवळच काम धरलंय.”

“पगार?”

“निम्मा. पण सासू आजारी, मुलीची शाळा...”

“फोन लाव ना तिला.”

“लावते गं. नवराच उचलतो.”

[दृश्य: गाडीचा वेग कमी होतो. दादर. बायका दाराकडे सरकतात.]