रॉकेलच्या बाटलीतली शिट्टी

सरांनी खिसे रिकामे केले बघा, किल्ल्या, मोबाईल, सुट्टे पैसे सगळं एका पिशवीत, आणि पिशवी पार लांब बाईकपाशी. "सर, बेल्ट पण?" "बकल आहे ना बाळा त्याला, काढ."

आपण पनवेलच्या बाहेर एका शेतात आलोय, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायला, म्हणून जवळ लोखंड नको. सर रिटायर झालेत पण दर रविवारी पोरांना घेऊन इथे येतात. आधी स्टेशनच्या मागच्या मैदानात करून बघितलं, तिथे हेडफोनमध्ये नुसती ओव्हरहेड वायरची घरघर.

बांबूच्या तिपाईवर ही प्लास्टिकची बाटली, आत रॉकेल, बाहेरून तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, सगळे हाताने मारलेले. बाटली उंचावर, कारण खाली आपला काळा पाषाण, त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे तोही थोडा चुंबकच. आणि ती ठेवायची पूर्व-पश्चिम आडवी. आता स्विच. पाच-सहा सेकंद करंट सोडला की रॉकेलमधल्या हायड्रोजनचे प्रोटॉन, म्हणजे त्याच्या अणूंची केंद्रकं, कॉइलच्या दिशेला थोडे झुकतात, मग करंट झटक्यात तोडायचा, आणि ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलायला लागतात, त्याच तारेत बारीकसा सिग्नल येतो, तोच हेडफोनमध्ये. ऐका.

(निवेदन थांबेल, फक्त शिट्टी)

1,830 हर्ट्झच्या आसपास. इथलं क्षेत्र साधारण 43,000 नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं माप), एका नॅनोटेस्लाला सूर 0.0426 हर्ट्झने सरकतो. सूर मोजला की क्षेत्र कळलं, इतकं सरळ आहे ते!

आणि हे मोजायचं वेड मुंबईला जुनं आहे. कुलाब्याला 1841 पासून नोंदी, 1859 च्या सौरवादळात तिथली नोंद तब्बल 1,600 नॅनोटेस्ला घसरली होती, जगभरचे अभ्यासक अजून ती नोंद काढून बघतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर 1904 मध्ये काम अलिबागला नेलं, इमारत बांधली ती पोरबंदरच्या दगडाची, त्यात लोखंडाचा अंश नको म्हणून. ट्रामसाठी एवढं केलं त्या लोकांनी, आणि आपण आज अशा शांत जागा बघता बघता घालवतोय.

अणुघड्याळालाही हे क्षेत्र छळतंच. सेकंद म्हणजे सिझियमच्या अणूतून येणाऱ्या लहरीची 9,19,26,31,770 आंदोलनं, त्यासाठी क्षेत्राला कमीत कमी दाद देणारी अवस्था निवडतात, तरी म्यू-मेटलची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूची, ढाल लागतेच. उघड्यावर इथल्या क्षेत्रात ठेवलं तर दिवसाला पाऊण मिलिसेकंद पुढे, तेवढ्यात प्रकाश 220 किलोमीटर जातो.

आता या मुलीकडे बघा. तिच्या पाळीला शिट्टी लगेच विझतेय, तीनदा झालं. तार तपासली, बॅटरी तपासली. सर म्हणाले, "केसात काय आहे गं?"

पिन काढून ती धावत बाईकपर्यंत गेली, ठेवून आली. परत स्विच.

(शिट्टी, पूर्ण विझेपर्यंत)