लिहून देणार, लिहून घेणार: अमेरिकन काउंटीच्या जुन्या दस्तसूचीत आडनाव कसं शोधायचं

[स्क्रीनवर: सूचीच्या जुन्या पानाचा फोटो, हाताने आखलेले रकाने]

हे पान नीट बघा. डोक्यावर मोठं 'एम'. खाली नावांची रांग: मूर, मिलर, मॅकगी, मायर्स, पुन्हा मिलर, मग मार्टिन. वर्णानुक्रम चुकलाय असं वाटतं ना? चुकलेला नाही. कारकुनाने आडनावाचं फक्त पहिलं अक्षर बघितलंय. त्यापुढे दस्त कचेरीत जसे आले तशी नावं चढवत गेलाय. नव्याने शोधणारा पहिली ठेच इथेच खातो. दोन मिलर सापडतात, खाली मार्टिन लागतो, म्हणजे मिलर संपले असं समजून तो पान बंद करतो. उरलेले मिलर 'एम'च्या पुढच्या पानांवर विखुरलेले असतात. म्हणून अशा सूचीत त्या अक्षराची सगळी पानं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. दुसरा मार्ग नाही.

नमस्कार. अमेरिकेतल्या मराठी घरांत आता सून किंवा जावई तिकडचे असतात आणि मुलं दोन्हीकडची वंशावळ विचारतात. आपल्या बाजूला कुलवृत्तांत असतो, नाहीतर गावचे फेरफार. तिकडच्या बाजूला काय? काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कचेरीतली दस्तांची सूची. आज तीच उघडायची.

आपल्याकडे घर घेतलेल्या प्रत्येकाला 'सूची दोन' माहीत असते. 1908 च्या नोंदणी कायद्यात सूची एकमध्ये माणसांची नावं आणि सूची दोनमध्ये मिळकतीचा तपशील असतो. अमेरिकन काउंट्यांत बहुतेक ठिकाणी आपल्या सूची एकसारखीच, नावांची सूची मिळते. मिळकतीवरून लावलेली सूची काही राज्यांतच आहे. नावांच्या सूचीचे दोन खंड असतात. एक ग्रँटरचा, म्हणजे लिहून देणाराचा. दुसरा ग्रँटीचा, म्हणजे लिहून घेणाराचा. दोन्ही बघायचे. 'आमच्या माणसाने जमीन घेतली होती' एवढंच माहीत असल्याने बरेचजण फक्त घेणाराची सूची चाळतात. खरा माल देणाराच्या सूचीत असतो, कारण जमीन विकताना बायको येते, भावंडं येतात, वारस येतात. घेताना माणूस बहुधा एकटाच असतो.

ओळीत काय मिळतं? देणार, घेणार, दस्ताचा प्रकार, नोंदणीची तारीख, पुस्तक क्रमांक आणि पान. काही ठिकाणी जमिनीचं जेमतेम वर्णन. पुस्तकाला कुठे 'लिबर' लिहिलेलं असतं आणि पानाला 'फोलिओ'. घाबरू नका, ते पुस्तक आणि पानच आहे. कचेरीचं नावही राज्यागणिक बदलतं: पेनसिल्व्हेनियात रेकॉर्डर ऑफ डीड्स, नॉर्थ कॅरोलिनात रजिस्टर ऑफ डीड्स, टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये मात्र जमिनीचे दस्त काउंटीकडे नसतात, टाउनकडे असतात. तिथे काउंटीत शोधत बसलात तर दिवस फुकट.

[स्क्रीनवर: एल, एम, एन, आर, टी]

आता या पाच अक्षरांची गंमत. पेनसिल्व्हेनिया, ओहायो या भागांत रसेल पद्धतीच्या सूच्या भेटतात. उघडल्यावर आधी नावं दिसतच नाहीत, एक तक्ता दिसतो. नियम असा: आडनावाचं पहिलं अक्षर बाजूला ठेवा. उरलेल्या अक्षरांत एल, एम, एन, आर, टी यांपैकी सगळ्यात आधी कोणतं येतं ते बघा. तीच किल्ली. बेकर घ्या: बी सोडलं की ए, के, ई, आणि मग आर. किल्ली आर. बी-च्या खंडात आर-समोर जो पान क्रमांक असेल तिथे जायचं. ह्यूज या आडनावात पाचांपैकी एकही नाही, तर ते 'इतर'मध्ये.

ही पद्धत डोकेदुखी वाटते, पण वंशावळ शोधणाऱ्याला ती फायद्याची आहे. जर्मन श्मिट आणि इंग्रजी स्मिथ, दोघांची किल्ली एम. श्नायडर आणि स्नायडर, दोघांची एन. म्युलर आणि मिलर, दोघांची एल. म्हणजे कारकुनाने स्पेलिंग कसंही केलं असलं तरी भाऊबंद एकाच पानावर येतात. अब्राहम लिंकन यांच्या आजोबांनी, त्यांचंही नाव अब्राहमच, केंटकीत जमीन घेतली. तिथल्या जमिनीच्या कागदांत त्यांचं आडनाव 'लिंकहॉर्न' असं पडलंय. रसेलच्या हिशोबाने दोघांची किल्ली एन.

पहिलं अक्षरच बदललं की मात्र ही सोय संपते. के-ने सुरू होणारा कून सी-मध्ये जातो, कोखचा कुक होतो, जे-चा युंग वाय-चा यंग होतो. काही घरांनी तर आडनावाचं भाषांतरच केलं: त्सिमरमान, म्हणजे सुतार, झाला कार्पेंटर. म्हणून आधी कागदावर पर्यायांची यादी करा. मग सूचीला हात लावा. जुन्या खंडांत आय आणि जे एकाच अक्षरात घातलेले असतात हेही लक्षात ठेवा. 'मॅक' लावलेली आडनावं कधी एम-च्या आधी, कधी शेवटी वेगळी काढलेली असतात. हस्ताक्षरात मोठा एल आणि मोठा एस हुबेहूब सारखे दिसतात. शंका आली तर त्याच कारकुनाने लिहिलेला, तुम्हाला नक्की वाचता येणारा शब्द शोधा आणि अक्षर ताडून बघा.

[स्क्रीनवर: 'एट अक्स', 'एट व्हिर', 'एट अल']

लॅटिनची ही तीन शेपटं. एट अक्स म्हणजे 'आणि पत्नी'. एट व्हिर म्हणजे 'आणि पती'. एट अल म्हणजे 'आणि इतर', आपल्या 'वगैरे'सारखं. या तिसऱ्यावर जरा थांबू.

बाप मृत्युपत्र न करता गेला, मागे सहा मुलं. चार मुली लग्न होऊन चार वेगळ्या आडनावांच्या झाल्या. सगळे मिळून जमीन विकतात. कारकून सूचीत लिहितो: थोरल्या मुलाचं नाव, पुढे 'एट अल'. संपलं. दस्त उघडला की आत सगळे असतात: अमुक आणि त्याची बायको अमुक, जी मयताची मुलगी, राहणार अमुक राज्य. लग्नाने बदललेली आडनावं, जावयांची नावं, कोण कुठे जाऊन राहिलं, सगळं एका परिच्छेदात. वंशावळीसाठी याहून मोलाचा जमिनीचा कागद नाही, आणि सूचीत तो एका शब्दामागे दडलेला असतो. म्हणून ओळखीच्या आडनावापुढे एट अल दिसलं की दस्त काढायचाच, जमीन तुमची वाटो न वाटो. उलट बाजूनेही विचार करा: तुमचा माणूस त्या इतरांपैकी असेल तर त्याच्या आडनावाखाली ओळच नसेल. मग सासऱ्याच्या आणि मेहुण्यांच्या आडनावाने शोधा.

दुसरी लपण्याची जागा म्हणजे सरकारी माणूस. कर्जापायी जमीन लिलावात गेली की लिहून देणार असतो शेरीफ, आणि सूचीत बऱ्याचदा त्याचंच नाव चढतं, जमीन गेलेल्याचं नाही. मृत्युपत्राचा व्यवस्थापक, अज्ञान मुलाचा पालक, कोर्टाचा कमिशनर यांचंही तेच. घेणाराच्या बाजूने शोधलं तर असे दस्त सापडतात.

बायकांबद्दल एक. पतीने जमीन विकताना पत्नीचा डाउवरचा हक्क, म्हणजे वैधव्यातला हिस्सा, सोडवून घ्यावा लागे. त्यासाठी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत, राजीखुशीने सही करतेस ना? ती नोंद दस्ताच्या शेवटी असते आणि तिच्यात पत्नीचं पहिलं नाव असतं. 1830 च्या दस्तात एक नाव आणि 1845 च्या दस्तात दुसरं असेल, तर दुसरं लग्न झालं असण्याची शक्यता तपासा. नाव अजिबातच नसेल तर लगेच 'विधुर' असं लिहून मोकळे होऊ नका. ते मधल्या काळातले दस्त बघून ठरवायचं.

मोबदल्याचा आकडाही वाचा. किंमत एक डॉलर आणि 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी' असे शब्द असतील तर ते आपल्या बक्षीसपत्रासारखं आहे, बहुतेक बाप-मुलातलं.

आता तारखा. दस्त नोंदवला नाही तरी देणार-घेणारांपुरता तो खराच असे, नोंदणी जगाला कळावं म्हणून. त्यामुळे दस्त पेटीत पडून राहायचा आणि जमीन पुन्हा विकायची वेळ आली की नोंदवला जायचा. सूची चालते नोंदणीच्या तारखेने. 1841 चा दस्त 1868 च्या ओळीत सापडू शकतो. माणूस वारल्यावरही निदान तीस वर्षं पुढे शोधा.

विकल्याचा दस्त आहे आणि घेतल्याचा नाही, असंही होतं. मग जमीन वारशाने आली असेल, तर मृत्युपत्रांकडे जा. किंवा पहिली खरेदी सरकारकडून असेल. ओहायो, इंडियाना, आयोवा अशा राज्यांत ते पेटंट, म्हणजे सरकारने जमीन दिल्याचा पहिला कागद, केंद्र सरकारच्या 'जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स' या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी, टेक्सास यांचं राज्याकडे असतं.

काउंटीची हद्दही हलते. पिट्सबर्गच्या परिसरातला माणूस घ्या. तो जागचा न हलता 1771 मध्ये बेडफर्ड काउंटीत आला, 1773 मध्ये वेस्टमोरलँडमध्ये आणि 1788 नंतर ॲलिगेनीत. जुने दस्त जुन्या काउंटीच्याच कचेरीत राहतात. आणि शिकागोच्या कुक काउंटीत 1871 च्या आगीत दस्त जळाले ते जळाले. तिथे खाजगी कंपन्यांनी वाचवलेले उताऱ्यांचे गोषवारेच आधार.

दस्त हातात आला की चतुःसीमा वाचा. पूर्वेकडच्या राज्यांत ओळी अशा: 'पांढऱ्या ओकपासून उत्तरेला 40 पोल, अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत.' पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी, 66 फूट. आपल्या मोजणीची साखळी बरोबर तिच्या निम्मी, 33 फुटांची, आणि तिचाच चौरस म्हणजे गुंठा. त्यामुळे 40 गुंठ्यांचा एकर तिथेही तोच. पण मोजमापापेक्षा त्यातली शेजाऱ्यांची नावं उतरवून घ्या. सोयरीक बऱ्याचदा बांधालगतच व्हायची. साक्षीदारांचीही घ्या. सहीवर मात्र भाळू नका: पुस्तकातला दस्त ही कारकुनाने केलेली नक्कल असते, अक्षर त्याचं.

दक्षिणेतल्या राज्यांत याच पुस्तकांत माणसांच्या विक्रीचे दस्तही आहेत. गुलाम म्हणून विकलेल्यांची फक्त पहिली नावं, वय आणि किंमत. सूचीत ती नावं नसतातच, मालकांची असतात. आफ्रिकन अमेरिकन घराचा शोध 1865 च्या मागे न्यायचा तर मालकाच्या आडनावाने सूची लावून, प्रत्येक दस्त आत जाऊन वाचावा लागतो. इथे फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाचा पूर्णमजकूर शोध फार कामाला येतो. 2024 पासून संगणकाने वाचलेले हस्तलिखित दस्त तिथे शब्दागणिक शोधता येतात. खातं फुकट आहे. आडनाव अवतरणचिन्हांत टाका आणि जागा काउंटीपर्यंत आवळा. एट अलमधली माणसंही यात वर येतात. पण संगणकही मोठा एल आणि एस गोंधळतो, आणि सगळी पुस्तकं त्यात नाहीत. म्हणून नाही सापडलं तर कॅटलॉगमध्ये काउंटी निवडून जमीन-मालमत्ता विभागातली सूची पान-पान उलटायची. काही चित्रांवर कुलूप दिसेल. ती त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन उघडतात.

[स्क्रीनवर: वहीचं पान]

वहीत रकाने आखताना एक रकाना 'काही नाही'चा ठेवा. काउंटी, देणार की घेणार, कोणतं अक्षर, कोणती किल्ली, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि समोर 'काही नाही'. सहा महिन्यांनी स्पेलिंगचा नवा पर्याय हाती लागतो, तेव्हा कोणती पानं पुन्हा उघडायची ते हाच रकाना सांगतो.