प्लॅस्टरबाहेरची बोटं

विषय दिलाय ‘अस्थिभंगाच्या रुग्णाची तपासणी आणि शुश्रूषा’. त्याकडे येतेच, पण आधी बोटांबद्दल बोलू द्या. हाड डॉक्टर बसवतील. प्लॅस्टरबाहेरची बोटं रात्रभर आपल्या नर्सेसच्याच हवाली असतात.

एका रुग्णालयात मी रात्रपाळीला आले, तेव्हा एक सात वर्षांचा मुलगा होता. चिंचेवरून पडलेला, कोपराच्या वर हाड मोडलेलं, दुपारी प्लॅस्टर झालेलं. चार्टवर दर तासाला एकच ओळ, ‘बोटं हलतात, नाडी लागते.’ आई संध्याकाळपासून सांगत होती, ‘सिस्टर, पोरगं रडायचं थांबतच नाही हो.’ तिला उत्तर मिळत होतं, ‘अहो, हाड मोडलंय, दुखणारच.’ या वाक्याचा मला आजही संताप येतो. हाड बसवल्यावर दुखणं उतरायला हवं. इंजेक्शन देऊनही ते चढत असेल, तर त्या आईचंच खरं.

मी त्याची मिटलेली बोटं हळूच सरळ करायला घेतली, तर तो किंचाळला. धोक्याची खूण हीच. नाडी लागत होती. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबीही होत होतं. इथेच सगळे फसतात. स्नायूंच्या आवरणात दाब वाढला की आधी बारीक रक्तवाहिन्या मिटतात, मोठी धमनी वाहतच राहते. नाडी जायची वाट बघाल, तर हात गेला. सहा-आठ तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. रेसिडेंट डॉक्टरांना उठवलं. प्लॅस्टर आणि आतला कापूस थेट कातडीपर्यंत चिरला, कोपराचा बाक कमी केला, हात हृदयाच्या पातळीवर ठेवला. अशा वेळी उशीवर उंच नका ठेवू, रक्त आणखी कमी पोचतं. अर्ध्या तासात पोरगं झोपलं.

जर्मनीतल्या फोल्कमान यांनी 1881 साली घट्ट बांधणीनंतर आखडलेल्या हाताचं वर्णन केलं. हाडवैद्याच्या कामट्यांना आपण नावं ठेवतो. आपलं घट्ट प्लॅस्टरही तेच करतं.

आणि ‘बोटं हलव’ एवढं सांगून भागत नाही. मुलाला म्हणा, ठेंगा दाखव. हसताय काय, हाताच्या तीन मुख्य नसांपैकी रेडियल नर्व्हची ती तपासणी आहे! अंगठा-तर्जनीचं शून्य म्हणजे मिडियन, बोटं फाकवणं म्हणजे अल्नर. मुलं खेळ समजून करतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगते. मांडीचं हाड मोडलं की जखम दिसत नसतानाही आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं, म्हणून नाडी आणि बीपी सतत बघा. लांब हाड मोडल्यावर पहिल्या तीन दिवसांत पेशंटला अचानक धाप लागली, तो बरळू लागला, काखेत-छातीवर बारीक लाल ठिपके उठले, तर ते फॅट एम्बोलिझम, म्हणजे हाडातली चरबी रक्तात जाऊन अडकणं, असू शकतं. ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींच्या टाचा गादीवर टेकू देऊ नका, उशी पोटरीखाली घ्या. घोटे हलवायला लावा. एका पोटरीला सूज आली तर चोळू नका, घरच्यांनाही चोळू देऊ नका, गुठळी असू शकते. आणि घरी पाठवताना बोटांची खूण आईला स्वतः करून दाखवा, कागदावर लिहून नव्हे.